घन कापायचाय : एआर आणि गणित, कामाच्या नोंदी

५ ऑगस्ट

ठरलं एकदाचं. सरांशी (मला आठवीत गणित शिकवायचे तेच) तासभर फोन झाला. त्यांचं म्हणणं एकच, पोरांना घनफळाची सूत्रं तोंडपाठ आहेत पण घन दिसत नाही. वहीत घन म्हणजे दोन चौरस आणि चार तिरक्या रेघा, मागची कड तुटक रेघेने काढायची हे सगळ्यांना माहितीये, पण ती मागे म्हणजे नक्की कुठे असं विचारलं की बोट कागदावरच फिरत राहतं. "अगं तुझं ते कॅमेऱ्यातलं काहीतरी कर ना, टेबलावर घन उभा राहतो ते," म्हणाले. म्हटलं करते.

फोन ठेवल्यावर जरा वाचत बसले. १९९७ मध्ये संशोधक रोनाल्ड अझुमाने एआर (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे खऱ्या दृश्यात आभासी वस्तू मिसळणं) कशाला म्हणायचं याच्या तीन अटी घातल्या होत्या, खरं आणि आभासी एकत्र दिसलं पाहिजे, ते त्याच क्षणी आपल्या हालचालीला उत्तर देत राहिलं पाहिजे, आणि आभासी वस्तू खऱ्या जागेत तिन्ही मितींत नीट बसलेली पाहिजे. तिसरी अट आपल्या कामाची. घन टेबलावर "दिसतो" यात विशेष काही नाही, तो टेबलावर एका जागी राहतो आणि आपण हललो की त्याची दुसरी बाजू दिसते, गंमत तिथे आहे. आणि १९६८ मध्ये संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलँडने डोक्यावर लावायचा, संगणकाशी जोडलेला सुरुवातीचा एक डिस्प्ले केला तेव्हा त्यात हवेत तरंगणारी आकृती कुठली, तर नुसत्या कडांचा घन! म्हणजे साठच्या आसपास वर्षं झाली तरी आपण घनच दाखवतोय.

७ ऑगस्ट

कशात बनवायचं यावरच दिवस गेला. एआरकोअर (गूगलची एआरची सोय) भारी आहे, टेबल स्वतःच ओळखतं, मार्कर (कॅमेऱ्याला जागा कळावी म्हणून ठेवायची छापील खूण) छापायची भानगड नाही. पण त्याला कॅमेऱ्यासोबत अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप (फोनची हालचाल आणि वळणं मोजणारे सेन्सर) दोन्ही लागतात, आणि सरांकडे जे जुने फोन जमलेत त्यातल्या निम्म्यात जायरोस्कोप नाहीये. शिवाय गुळगुळीत पांढरं टेबल असलं की त्याला धरायला खुणाच सापडत नाहीत, मग घन सरकत सरकत टेबलाबाहेर जातो.

म्हणून जुनाच मार्ग. काळ्या चौकटीचा छापील मार्कर, ब्राउझरमध्ये चालणारं एआर.जेएस, आकृत्यांसाठी थ्री.जेएस (दोन्ही आयत्या कोडच्या लायब्ररी). नुसता कॅमेरा पुरतो आणि काही इन्स्टॉल करायला लागत नाही. एक गोष्ट विसरले होते आणि तासभर डोकं खाल्लं, लॅपटॉपवर सगळं चालतंय आणि फोनवर तोच पत्ता उघडला की कॅमेरा चालूच होत नाही. एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) नसेल तर ब्राउझर कॅमेऱ्याला हातच लावू देत नाही, लॅपटॉपवर लोकलहोस्टला (त्याच मशीनवर चालणाऱ्या पानाला) सूट असते म्हणून तिथे चालत होतं. असो.

१० ऑगस्ट

घन उभा राहिला. १० सेमीचा. मी टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या नुसत्या.

मग पट्टी लावून बघितली तर ९.४ च्या आसपास. कोडमध्ये शोधत बसले, काही सापडेना, शेवटी मार्करच मोजला. मी ८० मिमीचा केला होता, प्रिंटरने "पानात बसवा" करून ७५ चा छापला. घनाचं माप मार्करच्या मापावरून ठरतं, मग सगळंच त्या प्रमाणात आक्रसलं. पुन्हा छापला, पट्टीने मोजला, मागे पेनाने "८० बरोबर" लिहून ठेवलं.

दुसरी अडचण सुटणारी नाही, नुसती सांभाळायची आहे. हात किंवा पट्टी घनाच्या पुढे धरली तरी स्क्रीनवर ती मागे गेल्यासारखी दिसते, कारण कॅमेऱ्याचं चित्र आधी रंगवलं जातं आणि घन त्याच्यावर. हात पुढे आहे की मागे हे त्या बिचाऱ्याला कळायला मार्ग नाही. मुलांना आधीच सांगावं लागेल.

आणि थरथर. घन सारखा कुडकुडल्यासारखा हलतो. मागच्या पाच फ्रेमची सरासरी घेतली तर थांबतो पण मग फोन हलवला की मागून रखडत येतो. तीनवर तडजोड केली.

१३ ऑगस्ट

आजचा दिवस मराठीपायी गेला आणि राग आलाय म्हणून सविस्तर लिहिते. घनाच्या कडांवर, शंकूवर नावं टाकायची होती. थ्रीडी मजकुराची जी सोय असते ती एकेक अक्षर सुटं उचलून शेजारी शेजारी मांडते. इंग्रजीला चालतं ते. आपल्याकडे "ति" लिहिताना वेलांटी त च्या आधी दिसायला हवी, ती बाईसाहेब नंतर येऊन बसली, त्यामुळे "तिरकस उंची"चं "तरिकस उंची" झालं. "पृष्ठफळ" मधला ष्ठ फुटून ष चा पाय मोडलेला आणि ठ वेगळा. पोरांनी हे बघितलं असतं तर गणित बाजूलाच राहिलं असतं.

उपाय तसा सोपा निघाला. ब्राउझरचा साधा कॅनव्हास (चित्र काढायची कोरी जागा) घ्यायचा, त्यावर मराठी लिहायचं (तिथे जोडाक्षरं बरोबर जुळतात कारण ते काम ब्राउझर करतो), आणि तो कॅनव्हास चित्र म्हणून थ्रीडी जगातल्या पाटीवर चिकटवायचा. पाटी कायम कॅमेऱ्याकडे तोंड करून. चार ओळींचं काम, सापडायला सहा तास.

१७ ऑगस्ट

मुख्य काम, घन कापणं. सरांशी बोलून ठरलं की नुसता घन दाखवून फार काही होणार नाही, घनासारखा खोका कुणीही हातात देऊ शकतो. खऱ्या खोक्याला जे जमत नाही ते करायचं, म्हणजे हवा तसा तिरका कापायचा, कापलेला भाग बघायचा, परत जोडायचा, परत कापायचा. फुकट आणि कचरा नाही.

कापायची सुरी म्हणजे दुसरा मार्कर, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पुठ्ठा हातात धरून घनातून फिरवायचा, पुठ्ठ्याचं प्रतल म्हणजे कापाचं प्रतल. एका हातात फोन, दुसऱ्यात पुठ्ठा. लिहायला तिसरा हात कुठून आणायचा याचा विचार अजून केला नाहीये.

थ्री.जेएसला प्रतल दिलं की पलीकडचा भाग तो छाटून टाकतो, पण आतून पोकळ दिसतं, रिकाम्या डब्यासारखं. कापलेलं तोंड आपणच भरायला लागतं. मी असं केलं, घनाच्या बारा कडा, प्रत्येक कड प्रतलाला कुठे छेदते ते काढायचं, मिळालेले बिंदू मध्याभोवती कोनानुसार ओळीने लावायचे आणि बहुभुज रंगवायचा. वर पाटी, "बाजू : इतक्या". हे करताना मलाच शाळेतलं सगळं परत करावं लागलं, कागदावर घन काढून बोट फिरवत बसले होते, मागची कड कुठेय बघत. सर बघत असते तर हसले असते.

पुठ्ठा फिरवताना हात पहिल्या मार्करवर येतो आणि घन गायब. म्हणून आता घनाखाली एकाऐवजी चार मार्कर, एका मोठ्या कागदाच्या चार कोपऱ्यांत, एक जरी दिसत राहिला तरी घन जागेवर.

२१ ऑगस्ट

पहिल्यांदा मुलांसमोर. सात जण होते, आठवी-नववीचे.

पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ, ज्याला त्याला घन स्वतःच्या मित्राच्या डोक्यावर ठेवायचाय. मी थांबवलं नाही. मग कापायला लागले, आणि पाचव्या मिनिटाला मागून आवाज आला, "ताई, हा त्रिकोण आहे ना? मग नऊ बाजू का म्हणतोय?"

गेले बघायला तर खरंच, स्क्रीनवर सुरेख समभुज त्रिकोण आणि वर पाटी "बाजू : ९". सगळे जमले. एकाने मोठ्याने वाचलं, "नऊ बाजूंचा त्रिकोण," आणि पुढे दिवसभर तेच चाललं होतं.

घोळ कुठे झाला ते मला तिथेच कळलं आणि खरं सांगायचं तर तोच दिवसातला सगळ्यात चांगला धडा झाला. पुठ्ठा बरोबर तीन शिरोबिंदूंतून गेला होता. प्रत्येक शिरोबिंदूत तीन कडा येऊन मिळतात, तीनही कडा म्हणतात प्रतल आमच्यावरून गेलं, त्रिक नऊ. माझा कोड भोळेपणाने नऊ बिंदू मोजत होता, त्यातले तीन-तीन एकाच जागी. मी हे सांगायच्या आधी एका मुलीने खडूच्या डबीच्या कोपऱ्यावर बोट ठेवून "इथे तीन रेघा येतात म्हणून का?" असं विचारलं. हो, म्हणूनच. घरी येऊन जवळजवळचे बिंदू एकत्र करायची ओळ घातली. जरा वाईटच वाटलं घालताना.

२२ ऑगस्ट

काल एक गोष्ट खटकली ती लिहायची राहिली. सातही जण बसून होते. बोटाने घन गोल फिरवता येईल अशी सोय मी दिली होती, हौसेने दिली होती, आणि सगळे जागेवर बसून बोटानेच घन गरगर फिरवत होते. मग हे टेबलावर असण्याचा उपयोग काय? व्हिडिओ गेमसारखं साध्या स्क्रीनवरही झालं असतं की.

फोनचा कॅमेरा एकडोळ्या आहे. फोन स्थिर धरला तर स्क्रीनवर दिसतो तो घनाचा फोटोच, वहीतल्या चित्राइतकाच सपाट. खोली कळते ती आपण हललो की, जवळची कड भराभर सरकते, लांबची हळू. म्हणजे चालल्याशिवाय एआर नाही. बोटाने फिरवायची सोय काढून टाकली. सर म्हणाले, "पोरं कुरकुरतील." कुरकुरू देत.

२५ ऑगस्ट

कुरकुरली. मग उठली. एक जण गुडघ्यावर बसून टेबलाच्या पातळीवरून बघत होता, एक मुलगी खुर्चीवर चढली (सर ओरडले) आणि बरोबर कर्णाच्या दिशेने वरून बघितल्यावर म्हणाली, "अरे घन षटकोनी दिसतो इथून!" तिला कापायच्या आधीच षटकोन सापडला होता, बाह्यरेषेत. हे मी कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

सगळ्यांनी भारी, मस्त, कडक वगैरे म्हटलं. मी खुशीत होते. मग सरांनी फोन गोळा केले आणि प्रत्येकाला कोरा कागद दिला, घन काढा, एका कोपऱ्यापासून मधोमध तिरका कापला तर तोंड कसं दिसेल ते काढा. पाच मिनिटांपूर्वी हेच बघितलं होतं सगळ्यांनी. सातातल्या दोघांना जमलं. बाकीच्यांनी चौरस काढला, किंवा त्रिकोण, किंवा घनाच्या बाहेरून जाणारं काहीतरी.

परतीच्या वाटेवर मी गप्पच होते. सर म्हणाले, "तू दाखवलंस गं, त्यांनी बघितलं. त्यात त्यांचं काय गेलं?"

२८ ऑगस्ट

तीन दिवस हेच डोक्यात. डोक्यातल्या डोक्यात वस्तू फिरवणं हे कष्टाचं काम आहे. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांचा १९७१ चा प्रसिद्ध प्रयोग आहे, ठोकळ्यांच्या दोन आकृत्या दाखवून एकच आहे का वेगळी असं विचारायचं, आणि दोन्हींत जितक्या अंशांचा फरक जास्त तितका उत्तराला वेळ जास्त, सरळ रेषेत वाढत जाणारा. जणू माणूस मनात खरंच वस्तू हळूहळू फिरवून बघतोय. आता माझं अ‍ॅप हे फिरवण्याचं काम फुकटात करून देत होतं, ज्या कामाची सवय व्हायला हवी तेच काम! हिशोब शिकायला आलेल्याला कॅल्क्युलेटर देऊन "बघ किती छान उत्तर येतं" म्हणण्यासारखं झालं हे.

म्हणून बदल. पुठ्ठा घनात घातला की आता नुसतं लाल प्रतल दिसणार, कापलेलं तोंड झाकलेलं. आधी वहीत काढायचं, बाजू किती ते फोनमध्ये टाकायचं, मगच "काप" हे बटण जागं होणार. बरोबर-चूक असा आवाज, तारे, गुण काही नाही. चुकलं तर कापलेलं दिसतंच की समोर.

आणि तिसऱ्या हाताचा प्रश्न आपोआप सुटला, एका फोनला दोघं. एकाने फोन धरायचा, दुसऱ्याने पुठ्ठा, मग अदलाबदल.

१ सप्टेंबर

खोलीतला आवाजच बदलला. आधी "ए दाखव दाखव" होतं, आज भांडणं. "पाच येणार." "कसे पाच, वरच्या पृष्ठाला लागतच नाहीये." "लागतंय, इकडून ये आणि बघ." ते "इकडून ये आणि बघ" मी आज किती वेळा ऐकलं. फोनवाल्याला एक दिसतं, पुठ्ठेवाल्याला दुसरं, आणि दोघांना एकमेकांना तोंडाने सांगावं लागतं, तिथे शिरोबिंदू, कड, पृष्ठ हे शब्द आपोआप बाहेर पडतात, मागच्या वेळेला "ते टोक", "ही लाइन" चाललं होतं.

त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षटकोन सगळे सापडले. मग साहजिकच सप्तकोनाची शिकार. वीस मिनिटं पुठ्ठे वाकडेतिकडे फिरवल्यावर एकजण वैतागून म्हणाला, "पृष्ठंच सहा आहेत, सातवी बाजू येणार कुठून?" झालं. एका पृष्ठावर कापाची एकच रेघ पडू शकते, त्यामुळे सहाच्या वर जाणं शक्य नाही. कुणी शिकवलं नाही हे.

सरांनी मग काडी टाकली, पंचकोन सापडला ना, आता सगळ्या बाजू सारख्या, सगळे कोन सारखे असा सुसम पंचकोन काढून दाखवा. मला माहिती होतं की निघत नाही, सरांनाही. समोरासमोरची पृष्ठं समांतर, त्यांच्यावर पडणाऱ्या कापाच्या रेघाही समांतर, आणि पाच पृष्ठं कापली म्हणजे त्यात समोरासमोरच्या दोन जोड्या आल्याच, आणि सुसम पंचकोनात एकही जोडी समांतर नसते. पण सांगितलं नाही. तास संपला तेव्हा तीन गट तावातावाने "जवळजवळ झालाय" म्हणत होते. रात्री एकाचा सरांना मेसेज, "सर होत नाही ना तो?" सरांनी उत्तर दिलं नाही, दुष्ट आहेत.

४ सप्टेंबर

ही नोंद मोठी होणार.

आजचा प्रश्न एका मुलाचाच, घन कापून काटकोन त्रिकोण निघतो का. सगळ्यांनी आधी वहीत लिहिलं, बहुतेकांनी "हो". का नाही निघणार, घनात सगळीकडे काटकोनच तर आहेत. कापायला लागले आणि दोन मिनिटांत एक गट ओरडला, मिळाला. गेले तर त्यांनी फोनच्या स्क्रीनवर चक्क कोनमापक ठेवला होता, प्लॅस्टिकचा, आणि दाखवतायत ९०. बरोबर ९० दिसत होता. मीही क्षणभर गप्प झाले.

मग पुठ्ठेवाल्या मुलीने फोन हातात घेतला, कोनमापक काढला नाही, नुसती दोन पावलं डावीकडे सरकली. कोन ७० च्या खाली आला. पुठ्ठा तिथेच, घन तिथेच, त्रिकोण तोच. अजून सरकली, ९५. सगळे बघत बसले.

म्हणजे स्क्रीनवरचा कोन खरा कोन नाहीच. सावलीसारखंय ते, दिवा हलवला की सावली बदलते पण वस्तू तीच राहते. मी महिनाभर हे बनवतेय, मला पर्स्पेक्टिव्ह म्हणजे काय ते माहितीये, तरी मी हे असं मुलांसमोर मांडलं नव्हतं, उलट "बघा किती खरं दिसतं" असंच सांगत आले होते. त्रिकोणाकडे अगदी समोरून, प्रतलाला लंब उभं राहून बघितलं तरच कोन खरा दिसतो, आणि तसं बरोबर उभं राहणं हाताने जमत नाही.

"मग ठरवायचं कसं?" सरांनी विचारलं आणि खडू टेबलावर ठेवून दिला.

पाच-सात मिनिटं कुणी उठलं नाही. मग ती कोनमापकवाली मुलगीच उठली. फळ्यावर घनाचा एक कोपरा काढला, कोपऱ्यापासून तिन्ही कडांवर काप जिथे पडतो ती अंतरं अ, ब, क. (तीन रेघा तीन पृष्ठांवर, त्यात समोरासमोरची दोन असती तर रेघा समांतर झाल्या असत्या, म्हणजे तिन्ही पृष्ठं एका कोपऱ्यात मिळणारीच, हे मागच्या वेळच्या भांडणातून त्यांना पक्कं होतं.) आता प्रत्येक पृष्ठावर कोपऱ्याशी काटकोन, म्हणजे पायथागोरस, तर त्रिकोणाच्या बाजूंचे वर्ग झाले अ² + ब², ब² + क², आणि क² + अ². इथपर्यंत तिने केलं आणि अडली. मागून एकजण म्हणाला, काटकोन हवा तर दोघांची बेरीज तिसऱ्याएवढी यायला पाहिजे, मांड ना. तिने मांडलं.

अ² + ब² = ब² + क² + क² + अ²

दोन्हीकडचे अ² आणि ब² खोडले. उरलं काय, दोन क² बरोबर शून्य. ती फळ्याकडे बघत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "क शून्य म्हणजे... मग कापलंच नाही." कोपऱ्यापासून अंतर शून्य म्हणजे पुठ्ठा कोपऱ्यातूनच गेला, त्रिकोणाचा कापच नाही राहिला तो. काटकोन होणार नाही, आणि दोन वर्गांची बेरीज तिसऱ्यापेक्षा नेहमीच मोठी म्हणजे तिन्ही कोन कायम लघुकोनच.

फोन सगळे टेबलावर उपडे पडलेले, स्क्रीन बंद झालेल्या. मला हे बघून बरं वाटलं का वाईट ते मला सांगता येत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्या बाईला जरा टोचतंच. पण त्या कोनमापकाच्या फजितीशिवाय हा प्रश्न त्या खोलीत उभाच राहिला नसता हेही तितकंच खरं.

घरी आल्यावर एक बटण घातलं, "समोरून दाखव", कापलेलं तोंड एआरमधून काढून स्क्रीनवर सपाट, खऱ्या मापात. मग विचार केला आणि ते बटण परत काढलं. मग परत घातलं, पण फक्त वहीत मांडणी झाल्यावर सर उघडून देतील असं.

८ सप्टेंबर

शंकू. खूप मेहनत घेतली होती याच्यावर, शंकू टेबलावर उभा, बोट लावलं की उलगडतो आणि वर्तुळपाकळी होऊन पसरतो, त्रिज्या ६, उंची ८, तिरकस उंची १०, पाकळीचा कोन २१६ अंश, सगळं हळूहळू, देखणं. मुलांनी दोनदा बघितलं आणि जांभया.

सरांनी कागद आणि कात्री दिली. एकाने अर्धवर्तुळ कापलं, गुंडाळलं, शंकू झाला, परत सोडलं. तिरकस उंची म्हणजे अर्धवर्तुळाची त्रिज्याच हे त्याच्या बोटांना कळलं, पट्टी शंकूच्या पोटाला लावून आणि मग आतून उभी धरून दोन वेगळी मापं त्याने स्वतः लिहिली. वर तळाची त्रिज्या बरोबर निम्मी येते हेही. माझ्या उलगडण्यात यातलं काहीच हाताला लागत नव्हतं.

उलगडण्याचा भाग काढून टाकला. चार दिवसांचं काम. ज्याला कागद पुरतो त्याला कागदच. एआर ठेवायचं ते शंकू तिरका कापायला, वर्तुळ हळूहळू लांबट होत लंबवर्तुळ होतं, पुठ्ठा बाजूच्या उताराला समांतर आला की उघडं पडून अन्वस्त (पॅराबोला), ते कागदाच्या शंकूला दरवेळी कात्री लावून कोण दाखवणार.

९ सप्टेंबर

किरकोळ. लॅमिनेशन केलेल्या मार्करवर दिव्याची चकाकी येते आणि घन लुकलुकतो, साधा खरखरीत कागद बरा. एका मुलाला लाल प्रतल आणि हिरवा घन वेगळे दिसत नव्हते, आठवडाभर बोलला नव्हता बिचारा, आता निळं आणि नारिंगी, शिवाय प्रतलावर पट्टे. फोन अर्ध्या तासात तापतात, कॅमेऱ्याचं रेझोल्यूशन ६४० बाय ४८० वर आणलं, फरक पडला.

१२ सप्टेंबर

सोमवारसाठी चतुष्फलक तयार आहे. चार समभुज त्रिकोणी पृष्ठं, दुसरं काही नाही. प्रश्न दिलाय, याला कापून चौरस निघेल का. निघतो, समोरासमोरच्या दोन कडांना समांतर, बरोबर मधोमध कापला तर निघतो, पण त्रिकोणांच्या गठ्ठ्यातून चौरस निघेल यावर मलाही पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

सरांनी अंदाजाच्या वह्या आजच गोळा करून माझ्याकडे पाठवल्या. सगळ्यांनी "नाही" लिहिलंय, तिघांनी कारणासकट, "पृष्ठं सगळी त्रिकोण म्हणून". एका वहीत चौरस काढून खोडलेला दिसतोय, खोडरबर नीट चाललेलं नाही, खाली "नाही" लिहिलंय पण तेही जरा फिकट. तिला पुठ्ठा पहिल्यांदा द्या असं सरांना सांगणार आहे.

मार्करच्या नव्या प्रती छापायच्यात. ८० मिमी, मोजून.